ओळख नसलेल्यांची इंटर्नशिप

तिसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली की इंजिनीअरिंगच्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. इंटर्नशिप कुठे मिळेल? ज्याचे काका चाकणच्या कारखान्यात मॅनेजर आहेत, त्याचे काम एका फोनवर होते. ज्याचे अब्बा पॉवरलूमवर किंवा गॅरेजमध्ये राबतात, तो कंपन्यांना ई-मेल पाठवत राहतो. उत्तर येत नाही. शेवटी पैसे भरून ऑनलाइन सर्टिफिकेट घेतो. फाइल पूर्ण होते, पण कारखाना त्याने आतून पाहिलेलाच नसतो.

आपल्यातले अनेक जण घरातले पहिले इंजिनीअर असतात. आपल्याकडे हुशारी आणि मेहनत असते, ओळख नसते. म्हणूनच कॉलेज आणि उद्योग यांची भागीदारी हा आपल्यासाठी न्यायाचा प्रश्न आहे. जे दार ओळखीने उघडते, ते सर्वांसाठी उघडण्याची जबाबदारी कॉलेजची आहे.

आज बहुतेक ठिकाणी ही भागीदारी सामंजस्य करारावर सही, पुष्पगुच्छ आणि फोटो एवढ्यावर थांबते. पण महाराष्ट्रात याहून चांगली परंपरा आहे. १८८७ मध्ये मुंबईत व्हीजेटीआय सुरू झाली, ती कापड गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. गिरणी मालकांनीच तिला देणग्या दिल्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. आजची माटुंग्याची आयसीटी ती हीच. तिथल्या प्राध्यापकांनी उद्योगांचे प्रश्न प्रयोगशाळेत आणले आणि उत्तरे कारखान्यांपर्यंत पोहोचवली.

राजस्थानातील पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ अभ्यासक्रमाचाच भाग केले. विद्यार्थी एक पूर्ण सत्र उद्योगात काम करतो, शिक्षक त्यावर देखरेख ठेवतात आणि त्या कामाला गुण मिळतात. महत्त्वाचे म्हणजे जागा संस्था शोधते, विद्यार्थ्याचे काका नाहीत.

यावर एक आक्षेप येतो. मोठ्या कंपन्या छोट्या शहरातल्या कॉलेजकडे कशाला येतील? कदाचित येणारही नाहीत. पण उद्योग म्हणजे फक्त मोठी कंपनी आहे का? मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग हाही उद्योगच आहे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग आपोआप थांबत नाही. कामगाराचे लक्ष जाईपर्यंत कापडात दोष उतरत राहतो. स्वस्त सेन्सर, कमी वीज खाणारी मोटर, कमी आवाज असे कितीतरी प्रोजेक्ट कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही आपली मुले इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोजेक्ट सादर करतात. मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा जॉबर एखाद्या दिवशी वर्गात येऊन शिकवू लागला, तर मुलांच्या ज्ञानात भर पडेल आणि त्याच्या कौशल्यालाही मान मिळेल.

सावधही राहायला हवे. ‘ट्रेनी’ म्हणून मुलांना फुकट राबवणे ही भागीदारी नव्हे. कॉलेज हे कामगार पुरवणारे केंद्र झाले आणि गणित-विज्ञानाचा पाया कच्चा राहिला, तर आज शिकलेले यंत्र बदलताच मुले मागे पडतील. म्हणून विद्यार्थ्याने काय शिकायचे, हे शिक्षकाच्या सहभागाने आधी ठरले पाहिजे. कामाचा मोबदलाही मिळाला पाहिजे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर इंजिनीअरलाही प्रशिक्षण मिळू शकते आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलते. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

मित्रांनो, प्रवेश घेताना आपण इमारत पाहतो आणि प्लेसमेंटचा फलक वाचतो. यंदा आणखी तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कॉलेजने मिळवून दिली? किती शिक्षकांनी उद्योगात काम केले आहे? शेवटच्या वर्षाचे किती प्रोजेक्ट खऱ्या कारखान्यात वापरले गेले?

आणि जे आज नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजला एक फोन करावा. आपल्याला जी ओळख मिळाली नाही, ती आपल्या मागून येणाऱ्याला देणे आता आपल्या हातात आहे.