घ्यायचे माप, द्यायचे माप

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि देशभरच्या विमानतळांवर प्रवाशांचे अतोनात हाल झाले. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम लागू होणार हे आधीपासून ठाऊक असूनही आवश्यक ती सिद्धता झालेली नव्हती. अखेर केंद्र सरकारला हस्तक्षेप करावा लागला. ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत प्रवाशांचे पैसे परत करा, त्यांनी तारीख बदलून मागितली तर शुल्क आकारू नका, असा आदेश निघाला. इतर कंपन्यांनी संधी साधू नये म्हणून भाड्यावरही अंतरानुसार साडेसात हजार ते अठरा हजार रुपयांची मर्यादा घातली गेली. सरकारचे हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु या आदेशातच एक प्रश्न दडलेला आहे. तारीख बदलण्याचे शुल्क घेऊ नका, असे संकटकाळी सांगावे लागते, याचा अर्थ एरवी ते बिनदिक्कत घेतले जाते. ते किती असावे आणि कोणत्या न्यायाने घेतले जावे, याचा विचार मात्र संकट ओसरताच मागे पडतो.

विमानप्रवास ही मूठभर श्रीमंतांची मिरास होती, तेव्हा या प्रश्नाला सामाजिक परिमाण नव्हते. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त प्रवासाची वाट उघडली, २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेने लहान शहरे विमानाच्या नकाशावर आणली आणि चित्र पालटले. आज बंगळुरूतील मुलाकडे जाणारे निवृत्त शिक्षक दांपत्य, मुलाखतीसाठी निघालेला तरुण, शस्त्रक्रियेसाठी महानगर गाठणारा रुग्ण असे सारेच विमानात दिसतात. हा वर्ग दोन-तीन महिने आधी, काटकसर करून सवलतीचे तिकीट काढतो. आणि घरात आजारपण उद्भवले, मुलाखतीची तारीख पुढे गेली किंवा जवळचे कोणी निवर्तले, की त्याला कळते की भरलेल्या रकमेतून हाती येणार आहेत ते केवळ कर आणि विमानतळाची शुल्के. मूळ भाडे बुडाले.

हे नियमबाह्य नाही, हीच खरी अडचण आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परताव्याचे नियम वेळोवेळी सुधारले. कर व विमानतळ शुल्के कोणत्याही तिकिटावर परत केलीच पाहिजेत, परताव्याच्या प्रक्रियेसाठी वेगळी आकारणी करता येणार नाही, उड्डाणाला किमान सात दिवस असतील तर आरक्षणानंतर २४ तासांत विनाशुल्क रद्द वा बदल करता येईल, या तरतुदी निःसंशय ग्राहकहिताच्या होत्या. नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात ही मुदत ४८ तासांपर्यंत वाढवण्याचा विचार संचालनालयाने मांडला, हेही योग्यच झाले. परंतु २०१६ च्या नियमांनी रद्द करण्याच्या शुल्काला घातलेली मर्यादा पाहा. हे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त असू नये! म्हणजे कंपनीने स्वतःसाठी घेतलेली सगळी रक्कम कापण्याची मुभा, आणि तिचे नाव मर्यादा. कुंपण घातले खरे, पण ते शेताच्या बाहेर.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. विमानातील आसन हा नाशवंत माल आहे. विमान उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. आधी पैसे भरणाऱ्याला स्वस्त दर आणि त्या बदल्यात बदलाची मोकळीक कमी, हा सौदा मुळात अन्यायाचा नाही. आर्थिक अडचणींपायी किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली, हेही विसरता येत नाही. पण नाशवंत मालाचा हा युक्तिवाद विमान उडण्याच्या वेळेलाच पूर्णपणे लागू पडतो. दीड महिना आधी परत आलेले आसन नष्ट होत नाही; ते पुन्हा विकले जाते, आणि उड्डाणाचा दिवस जवळ येत असल्याने बहुधा चढ्या भावाने विकले जाते. तारीख बदलणारा प्रवासी भाड्यातील फरक तर भरतोच, वर बदलाचे शुल्कही देतो. कंपनीचे नुकसान नेमके कोठे झाले, हे या हिशेबात कोठेच दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेली मापे वेगळी आहेत. कंपनीने उड्डाण रद्द होणार असल्याचे दोन आठवडे आधी कळवले, तर पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचा परतावा दिला की तिची जबाबदारी संपते. वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. प्रवाशाने दोन आठवडे आधी कळवले तरी त्याचे पैसे कापले जातात. कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर ‘असाधारण परिस्थिती’ म्हणून तिला भरपाई माफ. प्रवाशाच्या घरी वडील अतिदक्षता विभागात असले, तरी सवलतीच्या तिकिटाला ही परिस्थिती असाधारण वाटत नाही.

ग्राहकाचा हक्क ही कल्पना पश्चिमेकडून आली, असे आपल्याकडील विद्वानांना शिकवले गेले आहे. वास्तविक ‘क्रयविक्रयानुशय’, म्हणजे खरेदी-विक्री झाल्यावर तिच्याविषयी होणारा पश्चात्ताप, हे मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सौदा फिरवण्यासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गोपालकाला पाच रात्री अशी मुदत सांगितली आहे. नाशवंत मालाचा विचारही तेथे वेगळा केला आहे. विकलेला माल न देणाऱ्याला बारा पण दंड, तसाच विकत घेतलेला माल न उचलणाऱ्यालाही बारा पण. आणि मालातील दोष किंवा ओढवलेली आपत्ती हे अपवाद दोघांनाही सारखेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेतील तपशील आज जसेच्या तसे उचलावेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु विकणारा आणि घेणारा यांना एकच माप, हे तिचे तत्त्व आजच्या आपल्या नियमावलीहून अधिक प्रगत आहे, हे मान्य करावेच लागेल.

आजचा कायदाही याच दिशेला बोट दाखवतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळू शकते ती वाजवी भरपाईच. नुकसान झालेच नसेल तर भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर प्रत्यक्ष नुकसानीच्या तुलनेत अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ ठरवले. मात्र अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावी लागते. चार हजार रुपयांसाठी गडचिरोलीचा माणूस राज्य आयोगाची पायरी कशी चढणार? हक्क दिला, पण दार लांब ठेवले, अशी ही स्थिती आहे.

हे सारे बदलणे अशक्य नाही. टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी मान्य केली, तेव्हा अडचणीतील कंपन्यांना मुदत मिळाली, आणि त्या काळात खात्यावर अडकून राहिलेल्या रकमेच्या मूल्यात दरमहा वाढ प्रवाशांना मिळाली. दोघांचा विचार करणारा तो तोडगा होता. बाजाराची पंढरी मानल्या गेलेल्या अमेरिकेत युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या बड्या कंपन्यांनी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस बहुतेक देशांतर्गत तिकिटांवरील २०० डॉलरचे बदलशुल्क रद्द केले. त्यामुळे त्या बुडाल्या नाहीत. आपल्या रेल्वेनेही २०१५ च्या नियमांत गाडी सुटायला किती तास उरले आहेत, त्यानुसार कपात वाढत जाईल अशी पायरी ठेवली होती.

डाव्यांप्रमाणे सारे सरकारी करा, असे आम्ही म्हणणार नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाची फळे देशाने भोगली आहेत. बाजार जे करील ते योग्य, हेही आम्हाला मान्य नाही. पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत मांडलेले एकात्म मानवदर्शन या दोन्ही टोकांपलीकडचे आहे. त्या दृष्टीने मागण्या साध्या आहेत. उड्डाणाच्या दोन आठवडे आधी बदल मागितल्यास केवळ भाड्यातील फरक घ्यावा. त्यानंतरची कपात टप्प्याटप्प्याने वाढावी, पण मूळ भाड्याच्या ठरावीक हिश्शापलीकडे जाऊ नये. गंभीर आजार वा निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू याचा पुरावा दिल्यास परतावा हा कंपनीच्या मर्जीचा नव्हे, प्रवाशाच्या हक्काचा विषय व्हावा. किती रक्कम परत मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वी मराठीसह भारतीय भाषांत ठळकपणे सांगितले जावे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता यावी.

सरकारने हे करावेच. परंतु केवळ सरकारवर विसंबून ग्राहक सबळ होत नसतो. ग्राहकतीर्थ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा अस्तित्वातही नव्हता. तो यायला १९८६ उजाडावे लागले. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला. विमानाच्या तिकिटावर बुडालेले काही हजार रुपये नशिबाच्या खात्यावर टाकून गप्प बसण्याची सवय प्रवाशांनी सोडली, लेखी तक्रार केली, संघटितपणे हिशेब मागितला, तर घ्यायचे माप आणि द्यायचे माप एक करायला कंपन्यांनाही भाग पडेल. व्यापारात नफा हवाच. पण तो सेवेचा असावा, दुसऱ्याच्या अडचणीचा नसावा.