गल्लीतील होडी

बमरोलीतील एका गृहस्थांनी आपली लहान शिडाची होडी पावसाळ्यापूर्वी घरी आणली. होडी कशीबशी वळली. डोलकाठी मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर अडली. मी पोहोचलो तेव्हा मिस्त्री करवत घेऊन उभे होते. “फादर, बाकाच्या वरच कापतो आणि बिजागरी बसवतो,” ते म्हणाले. मी त्यांना थांबविले. या होडीतून त्या गृहस्थांची दोन मुलेही खाडीत जातात.

वाचकहो, दोरांचा ताण नसलेली डोलकाठी वाऱ्याने सर्वांत अधिक ताणली जाते ती बाकाच्या छिद्रातून वर निघते तेथेच. नेमक्या त्या जागी तिला कापणे म्हणजे पहिल्याच जोराच्या झोताला काठी आणि शीड दोन्ही पाण्यात.

काठी कापू नये, आखूड करावी. १९६३ साली इंग्लंडात ‘मिरर’ नावाची होडी निघाली. जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी ती घरच्या घरी बांधता यावी अशी आखली होती. लांबी सुमारे ३.३ मीटर, सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलो. तिची डोलकाठी आखूड असून तिच्या बाजूने दुसरी काठी दोरीने जवळजवळ उभी वर चढते. शीड उंचच राहते, आणि उतरविल्यावर सर्व काठ्या होडीच्या पोटात मावतात. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या शिडाच्या होड्यांचेही तेच. खुंटासारखी डोलकाठी आणि तिच्यावर लांब तिरपी काठी. तीही पुष्कळदा दोन तुकडे एकमेकांवर सारून दोरीने आवळलेली. मिस्त्रींना हे पटकन् पटले. त्यांचे आजोबा उमरगावकडचे!

ठेवण्याविषयी थोडे. होडी पालथी, जमिनीपासून उंच, दोन लाकडांवर ठेवावी. बंद कप्प्यांची बुचे काढून ठेवावीत, नाहीतर आत कोंडलेला दमटपणा लाकूड कुजवतो. वरून ताडपत्री घालावी, पण वारा खेळू द्यावा.

गृहस्थांना ती छताला टांगावयाची होती. त्यांच्या पत्नीने नकार दिला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा त्या माहेरी शहरात होत्या आणि शेजाऱ्यांना होडीतून नेताना त्यांनी पाहिले होते. होडी आता ओट्यावर आहे, वल्ही तिच्याखाली. नवी काठी दिवाळीपर्यंत होईल, असे मिस्त्री म्हणतात.