बोटाला पट्टी बांधण्यापूर्वी



मृगाचा उडीद पेरून झाला, की आपल्याकडे घरोघरी वारीची बोचकी बांधली जातात. आपला सोलापूर जिल्हा म्हणजे पालख्यांच्या वाटेचा शेवटचा टप्पा. माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या हद्दीत शिरते, तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. आळंदी-देहूपासून धरले तर तोवर वारकऱ्यांच्या पायाखालून दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता गेलेला असतो, आणि या मुक्कामांच्या गावी दवापाण्याच्या तंबूपुढे सर्वांत लांब रांग असते ती पाय दाखवणाऱ्यांची. म्हणून या अंकात खते-औषधे बाजूला ठेवतो आणि पायाच्या बोटांविषयी लिहितो. त्याला एक कारणही घडले आहे.

गेल्या पंधरवड्यात माळशिरस तालुक्यातल्या एका वस्तीवर डाळिंबाचा तेल्या पाहायला गेलो होतो. बाग पाहून झाल्यावर ओसरीवर चहाला बसलो. घरातला नातू पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे सोळाशे मीटर धावतो. त्याच्या दोन्ही अंगठ्यांना निळी चिकटपट्टी लावलेली. आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हे पोरगं म्हणतंय ही पट्टी लावली की बोटाला काही होत नाही. मग मीबी लावून वारी करू का?"

"तात्या, साखर आहे का तुम्हाला?" मी विचारले.

"आहे की. बारा वर्षं झाली. गोळी चालू आहे."

त्यावर मी लगेच काही बोललो नाही. का बोललो नाही ते पुढे सांगतो. आधी ही पट्टी काय चीज आहे ते पाहू.

तिला किनेसिओलॉजी टेप म्हणतात. किनेसिओलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचे शास्त्र. केन्झो कासे नावाच्या जपानी चिकित्सकाने १९७०च्या दशकात ती तयार केली. सुती कापड, त्यात रबरासारखे ताणणारे धागे आणि पाठीला अंगाच्या उबेने धरणारा चिकट थर. ती लांबीकडून ताणते, रुंदीकडून नाही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती साऱ्या जगाने पाहिली आणि तेव्हापासून तिचा बोलबाला झाला. निळी, काळी, गुलाबी, रंग कोणताही घ्या, काम तेच. तिने दुखणे बरे होते, ताकद वाढते असे विकणारे सांगतात, पण आजवरच्या तपासण्यांत तसा भक्कम पुरावा मिळालेला नाही. काहींना थोडा आराम वाटतो, इतकेच. कातडीवर एक पातळ आवरण बसते आणि चपलेचा पट्टा किंवा बुटाची शिवण थेट कातडीला घासत नाही, हा मात्र खरा उपयोग.

आणि तेवढ्याच उपयोगासाठी महागडी पट्टी हवीच असे नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाळवंटातून टप्प्याटप्प्याने अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांच्या पायांवर त्यांनी साधी कागदी चिकटपट्टी लावून पाहिली. पायाच्या काही भागांवर पट्टी, बाकीचा भाग उघडा. पट्टीखाली फोड येण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. अडीचशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ आपली वारीच की! जखमेवरचा कापूस धरायला डॉक्टर जी पांढरी कागदी पट्टी लावतात ती हीच, आणि कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते.

लावायची रीत नीट समजून घ्या. पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. रात्री तेल चोळले असेल तर साबणाने धुवा, नाहीतर पट्टी धरणारच नाही. नखे कापा. बोटाच्या मानाने अरुंद पट्टी कापून तिचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. नखाच्या मागून सुरुवात करून शेंड्यावरून खाली तळव्याच्या बाजूला न्या. ती धरून ठेवायला दुसरी पट्टी आडवी लावा, पण न ताणता, आणि तिची दोन टोके एकमेकांवर येऊ देऊ नका. मध्ये फट हवी. मग तळहाताने हलके चोळा. पट्टी पायाला फोड येण्याआधी, सकाळी निघताना लावायची असते. लाल झालेल्या जागेवर उशिरा लावली तर निदान घासणे थांबते, पण फुटलेल्या फोडावर चिकट बाजू कधीच नको, काढताना कातडी सोलून येते. तिथे आधी स्वच्छ मलमपट्टी. काढतानाही ओरबाडू नका, कोमट पाण्यात पाय बुडवून सावकाश सोडवा.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर पट्टीचा विचारच सोडा. ओल कोंडली की बुरशी फोफावते, हे तुम्हाला मी सांगायला नको, द्राक्षावरची भुरी-केवडा तुम्ही पाहिलेलाच आहे. ठेच लागून करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट सुजले, तर मध्ये कापूस घालून ते शेजारच्या बोटाला सैल बांधतात, त्याने आधार मिळतो. अंगठा सुजला, बोट वाकडे दिसले किंवा जखम उघडी असली तर मात्र घरी बांधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आता ते फटीचे. बोरीवर डोळा भरून आपण प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो. डोळा फुटला की ती सोडायची असते. सोडायची राहिली तर खोड जाड होते, पट्टी सालीत रुतते आणि वरचा भाग वाळतो. पंचवीस-तीस वर्षे मी हे बांधावर उभा राहून सांगत आलो आहे. आणि गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बंधूंच्या पायाच्या बोटाला मीच पट्टी गुंडाळली, ती गोल आणि चांगली घट्ट.

दादांना साखरेचा आजार होता. वारीत अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागत होती. मी त्यांच्यासोबत दोन मुक्काम चालायला गेलो होतो. माझ्या पिशवीत अशीच ताणणारी पट्टी होती. ती ताणून दोन वेढे दिले. "लागतंय का?" विचारले. "काही नाही," म्हणाले. मला बरे वाटले. खरे तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता, कारण दादांना काहीच लागत नव्हते. पट्टीही नाही आणि पट्टीखाली अडकलेला काट्याचा तुकडाही नाही. मी परत आलो. दादा पट्टी न काढता तीन दिवस चालले. पंढरपुरात पट्टी काढली तेव्हा बोट काळे पडले होते. महिन्याभरात ते काढावे लागले. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. वहिनी मात्र बोलल्या, आणि त्यांचे बरोबर होते.

फार वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तही कमी पोचते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करताना एक गोष्ट ताडली होती. त्या रोगात बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणे कळत नाही म्हणून जखम तशीच वापरली जाते आणि बोट जाते. साखरेच्या पायाचेही तेच. शाबूत पायाला पट्टी आवळली तर माणूस तासाभरात ती काढून फेकतो. बधिर पाय गप्प राहतो.

पाय बधिर आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही सोपी रीत काढली आणि आता ती पुष्कळ ठिकाणी वापरतात. माणसाला डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाचे टोक त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या शेंड्यावर एक-दोन सेकंद ठेवा. दोन्ही पाय मिळून सहा जागा. फक्त टेकवायचे, दाबायचे नाही, खाजवायचे नाही. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक जागा कळल्या नाहीत तर पायाची संवेदना गेली असे समजा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवा. अशा पायाला कोणतीही पट्टी स्वतः लावायची नाही. रोज संध्याकाळी तळवा आणि बेचकी डोळ्यांनी पाहायची, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरून किंवा सुनेला, नातवाला सांगून. अनवाणी चालायचे नाही, नवसाचे असले तरी. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ भेटतात, पण मी मागे येत नाही.

त्या दिवशी ओसरीवर तात्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नातवालाच बोट टेकवायला लावले. डाव्या पायाच्या तिन्ही जागा कळल्या. उजव्या पायाचा फक्त अंगठा कळला. पोराने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोट टेकवले आणि माझ्याकडे पाहिले. तात्या डोळे मिटूनच म्हणाले, "लाव की रं, कवाची वाट बघतोय."

दुसऱ्या दिवशी नातू त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेला. तिथून मऊ तळाच्या एमसीआर चपला वापरायला सांगितल्या आहेत. वारीचे मात्र तात्या ऐकेनात. शेवटी घरात असे ठरले की वाखरीपर्यंत एसटीने जायचे, तिथून पुढे पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालायचे, आणि नातवाने सोबत राहून दर मुक्कामाला पाय पाहायचा. नातवाने अंगठ्यांची पट्टीही बदलली आहे, आता कागदी लावतो आणि रात्री काढून ठेवतो.

पुढच्या अंकात तुरीचे शेंडे कधी आणि किती खुडायचे ते पाहू.