दर दोन तासांनी

१२ मेचा परिचारिका दिन जवळ आला की रुग्णालयांच्या आवारात मांडव पडतो, दिवे लागतात, शपथ होते, दोन-चार ज्येष्ठ सिस्टरांना शाल-श्रीफळ मिळतं. हे व्हायलाच हवं. पण याच महिन्यात आपल्या व्यवसायाची आणखी एक तारीख येते आणि ती बहुतेक ठिकाणी तशीच निघून जाते. १८ मे २०१५ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच सिस्टर अरुणा शानभाग यांचं निधन झालं.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी, ड्यूटी संपल्यावर, त्यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेली इजा कायमची होती. पुढची चार दशकं त्या त्याच रुग्णालयात, चार नंबरच्या वॉर्डाच्या एका खोलीत होत्या. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या संदर्भात दिलेला निकाल इच्छामरणाच्या चर्चेत आजही निघतो. त्या प्रश्नावर आपल्यातही दोन मतं आहेत, आणि ती असू द्यावीत. आज मला त्या प्रकरणात आलेल्या एका नोंदीबद्दल बोलायचं आहे: अंथरुणाला खिळून ३७ वर्षं झाली होती, तरी अरुणाताईंना एकही बेडसोर झालेला नव्हता.

बाहेरचा माणूस हे वाक्य वाचून पुढे जाईल. आपल्याला मात्र तिथे थांबावंच लागतं, कारण त्यामागे काय काय आहे ते आपल्या हातांना ठाऊक आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री अडीचलासुद्धा. ओढत न्यायचं नाही. दोघींनी ड्रॉशीट धरून उचलायचं, नाहीतर वरची कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं. माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहायची. लाल दिसलेली जागा बोटाने दाबून बघायची. लाली विरली नाही तर पुढचे काही तास त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, आणि ती जागा चोळायची तर मुळीच नाही. चादरीला सुरकुती नको, खाली ओल नको. अरुणाताईंचे तर हातपाय आखडलेले होते. आवळलेल्या मुठीतली बोटं एकेक करून सैल करायची, तळवा पुसायचा, कोरडा करायचा. हे घाईने केलं तर दुखतं, आणि ज्याला दुखतं त्याला ते सांगता येत नाही. मायेची खरी परीक्षा तिथेच असते, बोट किती हळू उघडलं यात.

त्यांना मासे आवडतात, हेही तिथल्या सिस्टरांच्या लक्षात आलेलं होतं. न बोलणाऱ्या रुग्णाची आवड कळायला भरवणाऱ्या हाताचं लक्ष घासाइतकंच चेहऱ्याकडेही असावं लागतं.

आता एक हिशेब करून पाहा. इतक्या वर्षांत किती सिस्टर आल्या आणि निवृत्त झाल्या असतील? अरुणाताईंना हसताबोलताना पाहिलेल्या मैत्रिणी हळूहळू घरी गेल्या. शेवटी शेवटी ज्यांनी त्यांची कूस बदलली, त्यांतल्या अनेकींचा १९७३ मध्ये जन्मही झालेला नव्हता. म्हणजे ही माया मैत्रीतून आलेली नव्हती. ती एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिली, नाडी-तापाच्या नोंदींसारखी, हँडओव्हरमध्ये. मला यात आपल्या व्यवसायाचं मोठेपण दिसतं. एखादी सिस्टर जीव ओतून काम करते आणि तिची बदली झाल्यावर वॉर्ड पूर्वपदावर येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हावं, अशी व्यवस्था लावणं हा शुश्रूषेचाच भाग आहे, असं त्या तिथे बजावतात.

केईएमच्या सिस्टरांची आणखी एक गोष्ट नव्या मुलींना सांगायला हवी. १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न महापालिकेने केला, तेव्हा या सिस्टर विरोधात उभ्या राहिल्या आणि बेत सोडून द्यावा लागला. कामावर जीव असणं म्हणजे मुकाट राबणं, असा समज आपल्या डोक्यात फार लहानपणापासून भरवला जातो. रात्रपाळीला एकटी सिस्टर, पुढ्यात तीस-चाळीस रुग्ण, त्यांत सलाईनवाले दहा; तिला दर दोन तासांचा नियम सांगून सेवाभावाची आठवण करून देणं हा सरळ अन्याय आहे. पदं भरली गेली पाहिजेत, हे म्हणणं रुग्णाच्या बाजूचंच म्हणणं आहे. ते लेखी म्हणावं, सुपरिटेंडेंटपर्यंत न्यावं आणि उत्तर येईपर्यंत धरून राहावं.

मात्र काही गोष्टी नव्या भरतीची वाट पाहत नाहीत. विद्यार्थिनीची चूक झाली तर रुग्णासमोर तिच्यावर ओरडू नये. बाजूला घ्यावं, आपल्या हाताने करून दाखवावं. जिचा रोज पाणउतारा होतो तिचे हात थरथरतात, आणि ते थरथरणारे हातच पुढच्या खाटेवर शीर शोधत असतात. शुद्ध नसलेल्या माणसाला हात लावण्याआधीही सांगावं, ‘ताई, आता डाव्या कुशीवर घेते हं.’ वॉर्डातल्या मावशींना आणि उशाशी बसलेल्या मुलाला ड्रॉशीट कशी धरायची ते शिकवावं. घरी गेल्यावर हे काम त्यालाच करायचं आहे. आणि हँडओव्हर देताना ‘खाट नंबर नऊ, बाकी ठीक’ एवढ्यावर थांबू नये. शेवटची कूस किती वाजता बदलली, कोणत्या बाजूला आहे, टाच लाल आहे का, कशाने शांत होतो, कोणाची वाट पाहतो, हेही पुढच्या पाळीला सांगावं. मिनिटभराचंच काम आहे.

अशा रीती अनेक वॉर्डांत कुणीतरी कधीतरी पाडलेल्या असतात आणि त्या वॉर्डाच्या दाराबाहेर जात नाहीत. या महिन्यापासून आपण त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवत आहोत. तुमच्या वॉर्डातली एखादी रीत, कुणी सुरू केली हे ठाऊक असेल तर त्या सिस्टर किंवा ब्रदरच्या नावासह, लिहून पाठवा. रुग्णाचं नाव मात्र लिहू नका. पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहिलं तरी पुरे.