आंबा सावलीत, हमाल उन्हात

आमच्या रत्नागिरीत एप्रिल-मे हे कमाईचे महिने. हापूसचा हंगाम भरात असतो, 1 जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून मिरकरवाड्यात लगबग असते, घरबांधणीची कामे पावसाच्या आत उरकायची घाई असते. या सर्व धंद्यांत आपण मालाला उन्हापासून किती जपतो ते पाहा. आंब्याची तोड सकाळच्या थंड वेळी, झेल्याने, देठासकट. तोडलेले फळ तापल्या जमिनीवर ठेवायचे नाही, कारण त्या धगीने फळात साका होतो, हे बागायतदाराच्या लहान मुलालाही ठाऊक असते. क्रेट भरला की लगेच सावलीत. मासळीवर बर्फ. भर दुपारी ओतलेल्या स्लॅबमधले पाणी लवकर उडून त्याला तडे जातात, म्हणून जाणता मिस्त्री तो सकाळीच ओततो. उन्हापासून जपायचा राहतो तो फक्त क्रेट उचलणारा हमाल, मासळी सुकवणारी बाई आणि स्लॅबसाठी खडी वाहणारा मजूर.

हा विषय काढला की आपले व्यापारी बांधव एकच उत्तर देतात: "अहो, उष्माघात तिकडे नागपूर-चंद्रपूरला. आपल्याकडे समुद्र आहे." हा गैरसमज आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. शरीर थंड राहते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी असते. कोकणच्या दमट हवेत तो घाम धड वाळतच नाही, हीच तर अडचण आहे. विदर्भातल्या 42 अंशांच्या कोरड्या हवेत घाम निदान उडून जातो. इथे 36 अंशांतही तो अंगावर निथळत राहतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, पण किनारपट्टीसाठी हा आकडा 37 धरला आहे. ज्या दिवशी जमिनीवरचे वारे जोर धरतात आणि खारे वारे उशिरा सुटतात, त्या दिवशी रत्नागिरीकर काय भोगतो हे सांगायला नको.

खारघरचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले, त्यांतले 14 जण दगावले. पारा 38 अंशांच्या आसपास होता, आणि जागा नवी मुंबईची, खाडीजवळची. ही माणसे ओझी वाहत नव्हती, नुसती बसली होती. त्यानंतर राज्य सरकारने त्या उन्हाळ्यापुरते दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. कार्यक्रमाला मनाई झाली. चिरेखाणीला कोण करणार?

आता आपल्याच घरातले उदाहरण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात असे मुस्लिम मोहल्ले थोडे, जिथला कोणी ना कोणी आखातात नाही. त्यांना विचारा. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेता येत नाही; मोडणाऱ्या कंपनीला दर मजुरामागे 5,000 दिरहम दंड, जास्तीत जास्त 50,000 पर्यंत. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट 11 ते 4 काम बंद. कतारने 2021 पासून सकाळी 10 ते दुपारी साडेतीन अशी बंदी घातली. तिथल्या मालकांचे आम्ही गोडवे गात नाही, त्यांच्या इतर गोष्टी आपल्या मुलांनी पुष्कळ सोसल्या आहेत. पण ज्या भावाला तिथे दुपारची सुट्टी मिळते म्हणून आपण समाधान मानतो, त्याच भावाने पाठवलेल्या पैशांतून इथे घर बांधताना भर दुपारी गवंडी उन्हात उभा असतो, याचा विचार व्हावा.

सावलीने किती फरक पडतो हे 2024 च्या हजमध्ये दिसले. मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यांत 83 टक्के लोक परवान्याविना आलेले होते, म्हणजे उन्हात लांबवर पायी चालणारे, तंबू वा निवारा नसलेले.

आपल्याकडे सर्वांत वाईट जागा दोन. एक चिरेखाण, जिथे जांभ्याच्या खड्ड्यात सावली नाही आणि वारा पोहोचत नाही. दुसरी पत्र्याची शेड. गॅरेजवाले, वेल्डर, भंगारवाले हे आपले कारागीर पत्र्याखाली भाजून निघतात आणि वर छप्पर आहे म्हणून स्वतःला सावलीत समजतात. पूर्वी घरोघर अंगणात मांडव घालून त्यावर नारळाची झापे टाकत. तीच झापे पत्र्यावर टाकली, किंवा पत्र्याला पांढरा चुना मारला, तर आतली धग कमी होते. खर्च फार नाही. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यातील लाटेत शेकडो बळी गेल्यावर जी उपाययोजना आखली गेली, तिच्यातही पुढे छपरे पांढरी करण्याचे काम आले.

धंदा बुडेल ही भीती आम्हाला पटत नाही. वाशीच्या बाजारात आंबा पहाटेपर्यंत पोहोचवायचा असतो. तोड सकाळी, भरणी सावलीत, गाडी भरायची चार वाजल्यानंतर. मग दुपारी हमालाला राबवण्याची गरज कुठे येते? खरी गोष्ट अशी की आपण दुकानाचे शटर ओढून जेवायला आणि वामकुक्षीला घरी जातो, आणि ट्रक नेमका त्याच वेळी गोदामापाशी उतरत असतो. केरळची हवा आपल्यासारखीच दमट. तिथे दर उन्हाळ्यात कामगार खाते आदेश काढून 12 ते 3 उघड्यावरचे काम थांबवते आणि आठ तासांचे काम सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळेत बसवायला सांगते. काम तेवढेच, फक्त वेळ सरकवलेली.

ही वेळ मालकानेच ठरवली पाहिजे. नगावर मजुरी घेणारा माणूस आपणहून थांबत नाही. थांबला तर त्याचेच पैसे जातात. तो चक्कर येईपर्यंत ओढतो. तो बरळू लागला, अंग चटका देण्याइतके तापले, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मानेला व काखेत बर्फ लावा आणि गाडी बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मिरकरवाड्यात बर्फाला तोटा नाही, तो माणसासाठीही वापरता येतो.

आमची सूचना एवढीच की प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने मार्चमध्येच बैठक घेऊन, 1 एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत, बारा वाजता उघड्यावरचे काम थांबवावे व मजुरी न कापता असरनंतर ते पुन्हा सुरू करावे. आपल्याकडे शाफई वेळेप्रमाणे असर चारच्या सुमारास होते. मजुरांकडे घड्याळ नसले तरी अजान सर्वांना ऐकू येते, बागेतल्या नेपाळी गड्यालाही.