शासन कशासाठी? उत्तर हिवरे बाजारच्या पाण्यात

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा भेटते ती व्याख्या म्हणून. सदस्य कोण, अध्यक्ष कोण, बैठका किती. गुण मिळतात, परंतु मुळात ती हवीच कशाला, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही. तो पडायला हवा असेल, तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचा अलीकडचा इतिहास वर्गात आणावा.

गाव पर्जन्यछायेतले, पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आटत गेल्या, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे बांधबंदिस्ती, समतल चर, वृक्षलागवड यांतून पाणी मुरू लागले. ही कथा सर्वपरिचित आहे. मात्र ती एका कर्तबगार माणसाची म्हणून सांगितली जाते, आणि तिथेच तिच्यातले राज्यशास्त्र हरवते.

कारण खरा पेच पाणी आल्यावर सुरू होतो. जमिनीची वाटणी बांधाने होते. भूगर्भातले पाणी बांध जुमानत नाही. ज्याच्या गाठीला पैसा, त्याने आपल्याच रानात खोल विंधनविहीर घ्यावी आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडावी. गुन्हा कोणाचाच नाही, नुकसान गावाचे. म्हणून ग्रामसभेने शेतीसाठी विंधनविहिरी बंद केल्या, ऊस-केळी वर्ज्य ठरवली. पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: आधी माणसे आणि जनावरे, उरेल त्यावर रब्बीची पिके.

राज्याचा भूजल कायदा १९९३ पासून आहे. पण मुंबईत केलेला नियम प्रत्येक विहिरीवर नजर ठेवू शकत नाही; शेजारी ठेवू शकतो. उलट, नुसत्या एकजुटीनेही डोंगरभर चर खणले जात नाहीत. त्यामागे रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा सरकारी पैसा होता. ‘सरकार की गाव’ हा वाद त्यामुळे पोकळ ठरतो.

‘सर्वांनी मिळून ठरवले’ एवढ्यावरही थांबू नये. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जमीन नसलेल्या, चार शेळ्यांवर जगणाऱ्या घराला तो अधिक सोसावा लागतो. वाढलेल्या पाण्याचा पहिला लाभ मात्र शेतमालकाला. वर्गात लुटुपुटीची ग्रामसभा भरवायची तर काही मुलांना मुद्दाम भूमिहीन करावे. यंदा पाणी कमी आहे. कांदा कोणी सोडायचा, आणि ज्याच्याकडे सोडायला शेतच नाही त्याने हात वर का करावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.