आधी संमती, मग भांडवल

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी युरोपला लिथियम हवे आहे. अशा महत्त्वाच्या खनिजांपैकी गरजेच्या किमान १० टक्के खनिजे २०३० पर्यंत आपल्याच भूमीतून काढावयाची, असे उद्दिष्ट युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात घातले. भांडवल खाणींकडे धावू लागले. परंतु जमीन कोणाची, घाम कोणाचा आणि नफा कोणाचा?

सर्बियातील यादर खोऱ्यात रिओ टिंटो या बहुराष्ट्रीय कंपनीला २००४ मध्ये लिथियमचे खनिज सापडले. २०२१ मध्ये तिने २४० कोटी डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. शेती व पाणी नासेल म्हणून शेतकरी उठले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर तो पुन्हा जिवंत केला. ऑगस्टमध्ये बेलग्रेडमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले, रेल्वेचे रूळही अडविले गेले. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच काम थांबविण्याचे जाहीर केले.

आमचा विरोध विजेच्या मोटारीला नाही. रेल्वेत वाफेचे इंजिन जाऊन विजेचे आले, तेव्हाही आमचे भांडण यंत्राशी नव्हते. कामगाराला न विचारता घेतलेल्या निर्णयांशी होते. गावकऱ्यांची संमती, खाणकामगारांची सुरक्षितता, कायम नोकरी व संघटनेचा हक्क या गोष्टी करारात आधी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

जम्मूतील रियासी येथे लिथियमचा साठा असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. तेथे कुदळ पडण्यापूर्वीच यादरचा धडा आपण गिरविला पाहिजे.